कंद चालत नाही, दाणा चालतो

आम्ही कोराडीच्या क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हाची गोष्ट. अजून आठवली की माझा जीव जळतो बघा.

शेजारीण केरळची. चतुर्थीला तीच ती खिचडी खाऊन मी वैतागते, हे तिला ठाऊक होतं. तिच्या भावानं गावाहून कंद आणला, जाड सालीचा, हातभर लांब. उपासाला काय चालतं ते तिनं मला आधी विचारून घेतलं. हळद नाही, मोहरी नाही, नुसतं खोबरं, मिरची, मीठ घालून उकडलेला कंद तिनं ताटलीत झाकून पाठवला.

सासूबाईंनी झाकण उचललं.

"हे काय वं? उपासाले असलं कंदमूळ चालते का?"

"आई, साबुदाणा याच कंदाचा बनते."

"काहीही! तो दाणा कसा मोत्यावानी, अन् हे लाकूड!"

"रताळंही जमिनीतच होते ना?"

"रताळ्याची गोष्ट येगळी."

मी नुकतंच वाचनालयातल्या एका मासिकात वाचलं होतं. वेस्ट इंडिजच्या बेटांवर, गोरे पोचायच्या कितीतरी आधी, तिथल्या मूळच्या आदिवासी बायका हाच कंद किसायच्या. कडू जातीत विष असतं, म्हणून विणलेल्या लांब पिशवीत भरून पिळायच्या, मग तव्यावर भाकरीसारखा भाजायच्या. मिरची, रताळं, शेंगदाणे, तेही त्यांच्या खाण्यातले. म्हणजे आमचं उपासाचं अख्खं ताट! मी सगळं एका दमात सांगून टाकलं.

यजमान पेपरातून म्हणाले, "वेस्ट इंडिज? ते तर बॉलिंगवाले."

सासूबाईंनी विचारलं, "त्या बाया चतुर्थी धरत होत्या का?"



शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आमच्या घरची रीत. सासूबाईंनी कंद गाईला घातला, ताटली घासली आणि तिच्यात साबुदाण्याची खिचडी भरून माझ्या हातात दिली. "दे नेऊन."

शेजारीण दारातच उभी होती. "अच्छा लगा?"

मी ताटली पुढे केली. तिनं खिचडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "अम्मा ने खाने नहीं दिया ना?" म्हणाली आणि ताटली घेतली.

पुढेही तिच्याकडून इडल्या यायच्या, केळ्याचे काप यायचे. चतुर्थीला मात्र कधीच काही आलं नाही. मी आपली दर वेळी साबुदाणा भिजवायची, आणि सासूबाई पहिला घास घेऊन म्हणायच्या, "आपलं जुनं ते जुनंच वं!"