न धरलेली दोन वर्षं

माझे वडील पुसदपासून काही कोसांवरच्या एका गावात ग्रामीण महाविद्यालय चालवायचे. नाव मोठं होतं. प्रत्यक्षात कौलारू पाच खोल्या, मागे विहीर आणि नाल्यापलीकडे गावाने शिकवण्यासाठी दिलेलं वावर. मॅट्रिक झालेल्या मुलामुलींना तिथे दोन वर्षं शिकता यायचं. सकाळी मराठी, अर्थशास्त्र, सहकार. दुपारी शेती आणि विणकाम, आणि आठवड्यातून एकदा गावात फिरून विहिरींत औषध टाकणं, गटारं साफ करणं. शेवटी पदविका मिळायची.

बाबांच्या मनातलं साधं होतं. ज्याला गावात राहायचं त्याने ही पदविका घेऊन गावातच काम करावं. ज्याला पुढे शिकायचं त्याला विद्यापीठाने थेट तिसऱ्या वर्षाला घ्यावं. त्याची दोन वर्षं झालीच आहेत, ती पुन्हा कशाला? पण त्यासाठी विद्यापीठाच्या कायद्यात दुरुस्ती हवी होती. नागपूरच्या सरकारातल्या कुणी मोठ्या माणसाने बाबांना तोंडी शब्द दिला होता, की पुढच्या अधिवेशनात हे करून टाकू. त्या शब्दावर बाबांनी घरोघरी जाऊन मुलं जमवली.

मग १९५६ साल आलं आणि आमचा जिल्हा जुन्या मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. नागपूरची राजधानी गेली. ज्यांनी शब्द दिला होता त्यांच्याकडे बाबा गेले, तेव्हा ते म्हणाले, "गुरुजी, आता हे मुंबईवाल्यांले विचारा." मुंबईत बाबांना ओळखणारं कोणी नव्हतं. तरी ते परत येऊन वर्गात उभे राहिले आणि म्हणाले, "सरकार बदललं, काम तेच हाये. थोडा उशीर होईन."

मी पुढच्याच वर्षी मॅट्रिक झाले आणि बाबांच्याच महाविद्यालयात बसले. मला आनंदच झाला होता. वर्गात आम्ही मुली मोजक्याच होतो. मुलांमध्ये एक जण जवळच्या तांड्यावरचा होता. त्याचे आजोबा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरलेले. वडिलांनी मात्र शेती धरलेली. घरी बंजाऱ्यांची गोरबोली, वर्गात मराठी, आणि गणितात आम्हा सगळ्यांच्या पुढे. एका दुपारी वावरात तुरीच्या शेंगा तोडताना त्याने बाबांना सरळ विचारलं,

"गुरुजी, हे दोन वर्स तिकडं धरतीन ना?"

"धरतीन. कायदा येऊन राह्यला."

"कधी येईन?"

बाबांनी हातातली शेंग टोपलीत टाकली. "तुही पदविका हातात यायच्या आत," ते म्हणाले.

पण कायदा आला नाही. दुसऱ्या वर्षी मुलं गळायला लागली. ज्यांना परवडत होतं ते अमरावतीला, यवतमाळला जाऊन पहिल्या वर्षाला बसले. बाबा कुणाला अडवत नसत. फाटकापर्यंत सोडायला जात आणि परत येऊन नेहमीच्या आवाजात पुढचा तास घेत. तांड्यावरचा तो मुलगा राहिला, कारण दुसरीकडे राहायची सोय नव्हती. मी राहिले, कारण मी त्यांची मुलगी होते.

पदविका मिळाल्यावर बाबा मला घेऊन नागपूरला विद्यापीठाच्या कचेरीत गेले. तिथले अधिकारी वयाने बाबांएवढेच होते. त्यांनी कागद वाचले, आमच्यासाठी पाणी मागवलं आणि समजुतीने बोलले.

"मुलगी हुशार आहे. पण ही दोन वर्षं आम्हाला धरता येत नाहीत. कायद्यात तशी तरतूद नाही. पहिल्या वर्षाला बसू द्या. मी स्वतः प्रवेश करून देतो."

मला ते चालत होतं. खरं सांगायचं तर त्या इमारतीत शिरल्यापासून मला तिथेच राहावंसं वाटत होतं. व्हरांड्यातून मुली पुस्तकं छातीशी धरून बोलत चालल्या होत्या. दोन वर्षं मागे गेली तरी काय बिघडणार होतं?

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "बाबा, मी बसते पहिल्या वर्षाले."

ते एकदम थांबले. "अन् मंग मी त्या पोरांले काय सांगू? माह्या पोरीनंच पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, तं लोकं काय म्हणतीन? गुरुजीनं आपल्याले फसवलं, असंच म्हणतीन ना?"

"पण कायदा आलाच नाई तं?"

"येईन. मी आणतो."

मी पुढे बोलले नाही. त्या काळी आमच्याकडे मुली वडिलांशी वाद घालत नसत, एवढंच त्याचं कारण नव्हतं. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मला वाटलं, आपण हट्ट धरला तर हा माणूस मोडेल.

एक वर्ष मी महाविद्यालयातच मुलींना विणकाम शिकवत राहिले. मग राळेगावकडच्या एका घरातून मागणी आली. मुलगा शाळामास्तर होता, स्वभावाने चांगला. लग्न झालं आणि मी कपाशीच्या गावात राहायला गेले.

पुढे महाराष्ट्र राज्य झालं, नागपूरला हिवाळी अधिवेशन भरायला लागलं, आणि बाबांना पुन्हा बळ आलं. पिशवीत भाकरी बांधून ते नागपूरला जायचे, आमदारांच्या निवासाबाहेर उभे राहायचे, जो भेटेल त्याला दोन वर्षांचं गणित समजावून सांगायचे. आमच्या भागातल्या एका आमदाराने शेवटी ते मनावर घेतलं. आणि एका हिवाळ्यात ती दुरुस्ती खरोखर मंजूर झाली.

बाबा बातमी सांगायला स्वतः आले. एसटीच्या मोटारीतून उतरून भर उन्हात पायी आले होते. ओसरीवर बसायच्या आधीच म्हणाले, "झालं! आता तुहं नाव थेट तिसऱ्या वर्षाले लागते. जुन्या पोरांले या जूनमधी बसाले लागन, तेवढी अट हाये."

मी दारातच उभी होते. त्यांनी तेव्हा माझ्याकडे नीट पाहिलं. मला सातवा महिना होता. बाळंतपणासाठी आई मला न्यायला येणार हे त्यांनाही ठाऊक होतं, पण कायद्याच्या धांदलीत ते विसरून गेले होते.

माझे यजमान म्हणाले, "मामाजी, पुढच्या वर्षी नाई का चालणार? मी पाठवतो तिले. लेकराले आमची आई पाहीन."

"विचारतो मी," बाबा म्हणाले. चहा पिऊन ते परतीच्या मोटारीने गेले. त्यांनी विचारलं, पुन्हा अर्ज केले, पण मुदत वाढली नाही. मुलगी झाली आणि जून निघून गेला.

तांड्यावरचा तो मुलगा मात्र बसला. थेट तिसऱ्या वर्षाला. पुढे तो पुसदला हायस्कुलात गणित शिकवू लागला. बाबांना भेटायला यायचा तेव्हा त्यांच्या पायांवर डोकं ठेवायचा. मला त्याचा हेवा वाटला नाही असं म्हणवत नाही, पण कुणीतरी पोचलं याचं बरंही वाटलं.

कायद्याने महाविद्यालय भरलं. खोल्या अपुऱ्या पडल्या. पण येणाऱ्या मुलांना आता फक्त ती दोन वर्षं हवी होती. पुढे शहरात जायचं तर विणकाम कशाला, गटारं कशाला? दुपारी वर्ग रिकामे राहू लागले. संस्थेच्या संचालक मंडळाने वावर बटाईने दिलं, मग विणकामाचे माग विकले. बाबा सभेत एकटेच विरोधात बोलले. एकदा मी माहेरी गेले असताना ते मला म्हणाले, "मले वाटलं होतं, हा रस्ता दोन्हीकडं जाईन. हा तं फक्त बाहेर जाऊन राह्यला." त्याच वर्षी त्यांनी काम सोडलं.

त्यानंतर आमच्यात त्या विषयावर एकदाच बोलणं झालं. मी माहेरून परत निघाले होते. बाबा माझी पेटी धरून नाक्यापर्यंत आले, आणि मोटारीची वाट पाहताना रस्त्याकडे बघतच म्हणाले,

"त्या साली तुले बसू द्याले पाह्यजे होतं पहिल्या वर्षाले. माह्या शब्दापायी तुहं राहून गेलं."

"जाऊ द्या ना, बाबा," मी घाईने म्हणाले. "काय झालं त्यात? माहं चांगलंच चालू हाये."

त्यांनी पेटी खाली ठेवली. मग माझ्या मुलीच्या तब्येतीचं विचारलं.

त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी तसं बोलले होते. आज वाटतं, त्यांना ते ऐकायचं नव्हतं. त्या कचेरीच्या व्हरांड्यात मला काय वाटलं होतं, लग्नानंतर कितीदा ते आठवलं, हे एकदा माझ्या तोंडून ऐकावं म्हणून बहुतेक त्यांनी तो विषय काढला असावा. मी रागावले असते तरी त्यांनी ऐकून घेतलं असतं. त्या दिवशी मोटारही बरीच उशिरा आली. बोलायला वेळ होता.