धरणाचं गाणं

आमच्या घरात इंग्रजी गाणी आली ती बुटांच्या खोक्यातून. आबा तेव्हा कोळवणात पुण्याच्या एका कुटुंबाच्या फार्महाऊसवर राखणदार होते. त्या घरातला मुलगा शिकायला परदेशी गेला आणि तिकडेच राहिला. अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात मालकीणबाईंनी त्याची खोली आवरायला काढली. नको असेल ते राखणदाराला द्यायचं, अशी त्यांची रीत होती. आमचा टेबलफॅन, माझं दप्तर, आबांचा स्वेटर असाच आलेला. त्या दिवशी खोक्यातून अकरा कॅसेटी आल्या.

आईने एक उचलून दाराच्या उजेडात धरली. कव्हरवर चार जण होते. फुगवलेले सोनेरी केस, ओठांना रंग, डोळ्यांत काजळ, अंगाला चिकटलेल्या पट्ट्यापट्ट्यांच्या विजारी.

"ह्या बाया व्हय?"

"बापे हायेत," दादा म्हणाला. "छाती बघ की त्याची."

"मग तमाशातल्या मावशीवानी कशापायी नटल्यात?" आईने कॅसेट खोक्यात टाकली आणि हात पदराला पुसले.

दादा तेव्हा अठरा वर्षांचा होता. दहावीला दोनदा इंग्रजीत अडकला आणि शाळा सुटली ती सुटलीच. मी आठवीत होते. दादा कोळवण ते पौड अशी वडापची, म्हणजे सीटा भरून फेऱ्या मारणारी, जीप चालवायला लागला, त्यात टेप होता, मागच्या बाकाच्या वर दोन स्पीकर होते. पहिली फेरी देवाची, असा जीपवाल्यांचा नियम. सकाळच्या फेरीला सगळे अभंगच लावत. पौडहून परत फिरताना मात्र दादा त्या अकरातली एक काढायचा.

सुरुवातीला लोकांनी खूप बोलून घेतलं. भाजीच्या पाट्या मांडीवर घेतलेल्या बाया म्हणायच्या, "आरं, कुनाला इंचू चावलाय का काय? बंद कर ते." दादा आवाज थोडा कमी करायचा आणि चढ आला की पुन्हा वाढवायचा. शाळेतून येताना मी पुढच्या सीटवर बसायचे. ड्रमचा आवाज तळाशी पाणी असलेल्या विहिरीत दगड पडल्यासारखा घुमायचा. मग गिटार वर वर जायची, आणि तो गाणारा इतका जीव खाऊन ओरडायचा की नक्की काहीतरी मोठं झालेलं असणार, असं आम्हाला वाटायचं. एवढा आवाज कोणी उगीच काढत नाही. आमच्याकडे एवढ्याने फक्त मयताला रडतात.

त्यात एक हळू गाणं होतं. पट्ट्यापट्ट्यांच्या विजारीवाल्यांच्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला, शेवटून दुसरं. आधी नुसता पेटीसारखा एक वाजा, मग एकट्याचाच आवाज, आणि मध्येच सगळे मिळून. दादाने त्याचा अर्थ लावला होता. एकदा पावसात जीप बंद पडली तेव्हा त्याने मला तो सांगितला.

"ह्याचं गाव धरणात गेलंय. ह्यो काठावर हुबा हाय, अन् पाण्याकडं बघून हाका मारतोय."

"कशावरून?"

"ऐक की. आधी घरातल्यांला हाका मारतोय, मग समद्या गावाला."

मी ऐकलं आणि मला ते पटलं. आमच्या पणजोबांचं गाव मुळशीच्या धरणात गेलेलं. ते बिऱ्हाड पाठीवर घेऊन खोऱ्याच्या या बाजूला आले, एवढं आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यापुढचं कोणी बोलत नव्हतं. त्यामुळे कोणीतरी, भले तिकडच्या देशात का होईना, त्यावर गाणं केलंय हे मला बरोबर वाटलं.

दादाने हा अर्थ जीपमध्येही सांगितला. हळूहळू ते गाणं 'धरणाचं गाणं' झालं. आमच्या वाडीतले एक म्हातारे होते, आम्ही त्यांना आज्जा म्हणायचो. त्यांचं गाव गेलं तेव्हा ते आईच्या कडेवर होते. दर आठवड्याला ते डोळे दाखवायला पौडच्या दवाखान्यात जायचे. जीपमध्ये चढले की काठी दोन पायांत धरून म्हणायचे, "ड्रायव्हर, आमचं लाव." गाणं होईपर्यंत बोलायचे नाहीत. त्यांच्या पलीकडे बसलेल्या बायाही बोलायच्या नाहीत. तेच लोक, ज्यांना कोणाला तरी विंचू चावलाय असं वाटलं होतं.

इथे मला माझ्याबद्दल एक सांगायला हवं. वाडीत कुठेही इंग्रजी काही आलं की ते माझ्याकडे यायचं. औषधाची बाटली, खताच्या पोत्यावरचं, कोणाच्या तरी मुलाच्या कंपनीचं पत्र. बारावीनंतर मी पुण्यात कॉलेजला गेले तेव्हा तर विचारायलाच नको. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मी वाचलं म्हणजे ते तसंच आहे, असं लोक धरून चालायचे. मलाही ते आवडायचं. नाही कशाला म्हणू.

दोन हजार तीनमध्ये मी हॉस्टेलला राहायला गेले. खोलीत आम्ही तिघी होतो. त्यातली एक पुण्यातल्याच इंग्रजी शाळेतली, घर पाडून नवं बांधायला काढलंय म्हणून वर्षभरासाठी आलेली. पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं, तू काय ऐकतेस. मला वाटलं, इथे मी कमी पडणार नाही. मी त्या कॅसेटींवरच्या बँडची नावं सांगितली, माझ्या उच्चारांनी, एकामागून एक.

ती उठून दारापर्यंत गेली. मग शेजारच्या खोलीतल्या दोघींना बोलावून म्हणाली, "परत सांग ना."

मी परत सांगितली. मला खरंच कळलं नव्हतं.

"अगं, ते केसवाले? लिपस्टिकवाले? माझा मामा ऐकायचा ते कॉलेजात असताना. आता कोणी ऐकत नाही, एकदम चीप आहे ते. ग्लॅम मेटल म्हणतात त्याला." तिने वाईट हेतूने म्हटलं नसेल. पण त्यानंतर मेसमध्ये मी दिसले की कोणीतरी केस विस्कटून हवेत गिटार वाजवायचं, आणि मी हसायचे. काय करणार होते.

दसऱ्याला घरी गेले तेव्हा खोक्यातून धरणाच्या गाण्याच्या कॅसेटीचं घडीचं कव्हर काढलं. त्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत सगळी गाणी छापलेली होती. ती आधीपासूनच होती, पण शाळेच्या इंग्रजीत मला त्यातलं काही लागत नव्हतं. आता डिक्शनरी घेऊन बसले. धरणाच्या गाण्यात धरण नव्हतं, गाव नव्हतं, पाणी नव्हतं. मला वाईट वाटलं नाही, राग आला. आपल्याला कोणीतरी पाच वर्षं फसवलंय, आणि त्याची शिक्षा मी मेसमध्ये भोगतेय, असा काहीतरी राग. तो कागद मी पर्समध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी पुण्याला परत निघाले. पौडच्या स्टँडवर दादाची जीप उभी होती, दुसरे दोन ड्रायव्हर तिला टेकून चहा पीत होते. आज्जा दवाखाना उरकून मागच्या बाकावर बसले होते आणि गाणं लागलेलं होतं.

त्यातला एक ड्रायव्हर म्हणाला, "काय ताई, कालिजात इंग्लिशच आसतंय ना समदं? मग सांगा की ह्यो काय म्हनतोय. तुमचा दादा रोज आमाला धरान सांगतोय."

"धरानच हाय," दादा स्टिअरिंगवरून म्हणाला. तो हसत होता. मी मागे आज्जांजवळ उभी होते, त्याने जीपच्या आरशातून माझ्याकडे पाहिलं. मला ते पाहणं अजून आठवतं. त्याला अर्थ नको होता. मी फक्त 'हो' म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

मी पर्समधून कागद काढला.

ओळ वाचून मी तिचा मराठी अर्थ सांगत गेले. हा माणूस गावोगाव कार्यक्रम करून दमलाय. एका मुलीच्या दाराशी उभा आहे. म्हणतोय, दार उघड, आजची रात्र राहू दे, तुझ्या ओठांचा रंग माझ्या शर्टाला लागू दे, सकाळी मी जाईन, नाव विचारणार नाही. मी शाळेत धडा वाचावा तसं स्पष्ट वाचलं.

ड्रायव्हरच्या नाकातून चहा आला. "आयला, ह्यो तर लॉजवरचा निघाला. अन् आमी रोज तोंड पाडून बसतोय." दुसरा म्हणाला, "सकाळी जातो म्हनतोय ना? मग पैल्या फेरीला अभंगाच्या आधी ह्येच लावत जा." ते दोघं बराच वेळ हसले. मीही थोडी हसले. या वेळी ते माझ्यावर हसत नव्हते.

आज्जांनी मान पुढे काढून विचारलं, "मग गाव न्हाई व्हय त्याच्यात?"

"नाही आज्जा."

"पानी बी न्हाई?"

"नाही."

"बरं," ते म्हणाले आणि काठीकडे पाहत राहिले. दादाने टेप बंद केला. बटण हळूच दाबलं. मग मला म्हणाला, "तुजी बस आली बघ," आणि माझी बॅग उचलून बसपर्यंत घेऊन आला. बसच्या खिडकीशी उभा राहून म्हणाला, "नीट जा." एवढंच.

दिवाळीला घरी आले तेव्हा आंबेमोहोर भात पिवळा झाला होता आणि काढणीला थोडे दिवस होते. लांबूनच शेतावर काहीतरी चमकताना दिसलं. बांधाबांधाला काठ्या रोवून त्यांवर कॅसेटची फीत ताणली होती. आमच्याकडे पाखरं हाकायला बरेच जण असं करतात. वाऱ्यावर फीत घुंई करते, उन्हात लखलखते आणि चिमण्या बसत नाहीत. पण लोक तुटलेल्या कॅसेटी वापरतात. बांधावर आमचं खोकं पडलं होतं, त्यात प्लॅस्टिकची अकरा रिकामी कवचं.

"आबा, हे कोणी केलं?"

"दादानंच. मी म्हनलं, चांगल्या हायेत की. तर म्हनला, आता कशाला लागत्यात." आबांना त्यात काही वावगं वाटलेलं नव्हतं. उलट त्यांनी मला दाखवलं, फीत किती दूरवर पुरलीय ते. मी बांधावर थोडी थांबले. फितीतून नुसता वाऱ्याचा आवाज येत होता.

त्याबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही. आज्जा पुढच्या पावसाळ्यात गेले. शेवटच्या दिवसांत जीपमध्ये चढले की ते 'आमचं लाव' म्हणायचे नाहीत, असं मला आईकडून कळलं.

दोन हजार सातला मी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. हॉस्टेलमधल्या त्या इंग्रजी शाळेतल्या मैत्रिणीने तिच्या वाढदिवसाला घरी बोलावलं. दुपारी जेवणं झाल्यावर कोणीतरी कॉम्प्युटरवर गाणी लावली आणि खोलीत एकदम आरडाओरडा झाला. तेच बँड. तीच गाणी. माझ्यावर हसलेल्या मुली आता केस सोडून नाचत होत्या, एकीने कंगव्याचा माईक केला होता. त्यांना शब्द पाठ होते.

"गिल्टी प्लेझर आहे गं हे आमचं," मैत्रीण मला म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर लाज अजिबात नव्हती. म्हणजे मधल्या काळात हे परत आवडायला परवानगी मिळाली होती, आणि ते मला कोणी कळवलं नव्हतं. आवडतं आणि आवडल्याची मौजेने लाज वाटते, असं दोन्ही त्यांना एकदम परवडत होतं. मला एका वेळी एकच जमलं होतं, तेही चुकीच्या वेळी.

मग ते हळू गाणं लागलं. मला त्यातला शब्द न् शब्द माहीत होता, मीच तर त्याचा अर्थ लावला होता. तरी पहिला सूर आला आणि मला पाणी दिसलं. काठावरचा माणूस दिसला, आणि आज्जांची पायांत धरलेली काठी. अर्थ मी सांगितला होता तोच होता, आणि गाणं मात्र दादा म्हणत होता तेच होतं. हे मला कसं पटवून देता येईल, मला माहीत नाही. मी मुलींबरोबर हात वर करून डुलत राहिले.

निघताना मी ती सगळी गाणी सीडीवर करून घेतली.

दादाकडे तोवर वडापची जीप नव्हती. तो आता शनिवार-रविवारी हिंजवडीकडच्या लोकांना गाडीने ताम्हिणीचे धबधबे दाखवायला नेत असे. पुढच्या रविवारी मी त्याच्याबरोबर निघाले. हिंजवडीजवळ जांब्याला पाहुणे घ्यायचे होते, तोवर गाडीत आम्ही दोघंच. मी सीडी काढली आणि लावली. सरळ ते गाणं लावलं.

गाणं संपेपर्यंत तो गाडी चालवत राहिला. मी म्हणाले, "दादा, तू म्हणायचास ते बरोबर होतं. शब्दांत नसलं तरी त्यात आहे ते. मी तेव्हा उगीच वाचलं."

"उगीच कशाला," तो म्हणाला. "तू खरं त्येच सांगितलं."

"पण ऐक की आता नीट."

"ऐकलं ना. मला आता त्यो पोरीच्या दारात हुबाच दिसतो बये. शर्टावर लाली घिऊन." तो हे चिडून म्हणाला नाही. "त्याला परत काठावर न्हेऊन हुबा करायला गेलो, तर जात न्हाई. तुला ऐकायचं आसंल तर ऱ्हाऊ दे चालू."

जांब्याला चार जण चढले. ऑफिसात एकत्र काम करणारे, एक लातूरकडचा होता, दोघं हिंदी बोलणारे. मी मागच्या छोट्या सीटवर सरकले. सीडी चालूच होती. दुसऱ्याच गाण्याला त्यातला एक ओरडला, "अरे भाई, ये कहाँ से मिला?" आणि मग मुळशीपर्यंत ते सगळे गात होते, खिडकीच्या बाहेर हात काढून. दादा पाहुण्यांसाठी हसतो तसं हसत होता. त्यांनी सांगितल्यावर त्याने आवाज वाढवला.

धरणाचं पाणी दिसलं तसं त्यांनी गाडी थांबवायला लावली. फोटो काढून झाले. तेवढ्यात हळू गाणं परत लागलं. लातूरचा मुलगा पुढच्या दाराशी उभा राहून गाडीतल्या सीडी-प्लेअरकडे बोट दाखवत दादाला म्हणाला, "भाऊ, हे कशाबद्दल आहे, कळतं का काही?"

दादाने पाण्याकडे पाठ केली होती. तो काच पुसत होता.

"व्हय, कळतंय की," तो म्हणाला. "ही मागं बसलीय ना, माझी बहीन. लई शिकलीय. तिनंच सांगितलं."