पिवळी छत्री उघडी असेल तर

डॉन एव्हेलिओ चापारोंनी बोगोताच्या सातव्या हमरस्त्यावर तीस वर्षं बस हाकली आणि तीस वर्षं सायकलवाल्यांना शिव्या घातल्या. निवृत्त झाल्यावर स्वतःच सायकल घेतली. रविवारी सात ते दोन हा रस्ता गाड्यांना बंद. सगळं शहर सायकली घेऊन उतरतं. म्हातारा रस्त्याच्या मधोमध चालवायचा आणि बसच्या प्रत्येक थांब्यावर पाय टेकायचा. माझ्या कोपऱ्यावर आला की हाळी ठरलेली, "मागं सरका, मागं जागा आहे!"

मी पंक्चरवाला. दुकान गल्लीच्या तोंडाशी, पण रविवारी कोपऱ्यावर पिवळी छत्री लावून बसतो.

मग त्यांना विसर पडू लागला. आधी किल्ल्या, मग लेकीचं नाव. लेक म्हणाली, सायकल विकून टाका. त्यांची बायको डोन्या ब्रिहिदा माझ्याकडे आली.

"सायकल गेली तर हे खाटेवरून उठायचे नाहीत, मेस्त्री. पण यांना वार कळत नाही."

वार शहाण्यांनाही कळत नाही. आमच्याकडे दर दोन-चार आठवड्यांनी सोमवारीही सुट्टी, आणि तेव्हाही रस्ता बंद, माझी छत्री उघडी. शेवटी तिनंच तोड काढली. रोज सकाळी कॉफी देताना ती त्यांच्याकडून घोकून घ्यायची, "मेस्त्रीची छत्री उघडी असेल तर रस्ता आपला. नसेल तर माघारी."

आठ महिने जमलं. आडवारी सायकल ढकलत यायचे, कोपऱ्याकडे बघायचे, "आज नाही वाटतं," म्हणून निमूट वळायचे. मला फार अभिमान वाटायचा, जणू मीच त्यांना जपत होतो.

एका रविवारी पावसानं छत्री चिंब भिजली. दुसऱ्या दिवशी साधा सोमवार, लख्ख ऊन. मी ती कोपऱ्यावर उघडून वाळत टाकली आणि आत चाक सरळ करत बसलो. बाहेरून हाळी आली, "मागं सरका, मागं जागा आहे!" हातातला पाना टाकून उठेपर्यंत ब्रेक करकचले.

पोलीस यायच्या आत मी छत्री मिटली. भित्रा माणूस मी.

सगळे म्हणाले, म्हातारा विसरला. नऊ दिवस त्यांच्या घरी त्यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना होत्या, आणि नऊही दिवस ब्रिहिदा येईल त्याला तेच सांगत होती, "रोज मी घोकून घ्यायचे हो. एवढं एक तरी राहील वाटलं होतं. तेही गेलं." नवव्या दिवशी मला ते ऐकवेना.

"ते विसरले नव्हते," मी म्हणालो. "छत्री उघडी होती. मी वाळत घातली होती."

तिनं माझ्या हातातला कॉफीचा कप काढून घेतला.

"म्हणजे लक्षात होतं त्यांच्या," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "आता जा, मेस्त्री. परत या घरात येऊ नका."