माझ्या आवाजातली प्रार्थना

घशात गाठ निघाली, आवाज पार बसला आणि डॉक्टरांनी महिनाभर एक अक्षरही बोलायचं नाही, असं बजावलं. पास्टरला गप्प बसवणं म्हणजे शिक्षाच. तरी रविवारी मी सवयीनं हिंगोलीहून जीपनं जवळच्या गोरेगावला गेलो. आमची ख्रिस्ती मंडळी तिथं एका विश्वासी बाईच्या पत्र्याच्या खोलीत उपासनेला जमते.

नेमकं त्याच दिवशी तिच्या नवऱ्याला पोटाच्या ऑपरेशनसाठी नांदेडला न्यायचं होतं. तो खाटेवर कण्हत होता, गाडी दारात उभी होती, आणि ती प्रार्थनेसाठी माझी वाट बघत थांबली होती. मी घशाकडे बोट दाखवून मान हलवली. मग तिच्याकडे बोट करून हात जोडले. तूच कर.

"मी?" ती घाबरलीच. "पास्टर, मला कुठं येती प्रार्थना!"

बाई वर्षानुवर्षं उपासनेला बसते. गाणी तोंडपाठ, उपास काटेकोर, बायबल प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. पण लेकरू तापलं की मला फोन, म्हैस आटली की मला फोन. मोबाईल स्पीकरवर टाकून आजाऱ्याच्या अंगावर ठेवायचा आणि मी इकडून प्रार्थना करायची, ही इथली रीतच झालीय. तुमची प्रार्थना तुम्हीच करा म्हणून कितीदा समजावलं, तेवढ्यापुरत्या माना हलतात. फार चीड येते मला.

तिनं डोळे मिटले. "प्रभू..." म्हणाली आणि अडली. डोळे उघडून माझ्याकडे बघत राहिली. उपासनेला जमलेले बाकीचेही माझ्याकडेच बघत होते, एकाचंही तोंड उघडेना. गाडीवाल्यानं हॉर्न दिला.

मग तिनं मोबाईल काढला, एक जुनं रेकॉर्डिंग लावलं आणि नवऱ्याच्या पोटावर ठेवलं. खोलीत माझाच खणखणीत आवाज घुमला. त्यांच्या बोअरवर नवी मोटार बसवली तेव्हाची प्रार्थना होती ती. "प्रभू, या मोटारीवर तुझा हात राहू दे, हिला भरपूर पाणी ओढू दे..." हसावं की रडावं, कळेना. थांबवायला तोंड उघडलं तर नुसती हवा निघाली. सगळ्यांनी एका सुरात 'आमेन' म्हटलं. खाटेवरच्या नवऱ्यानंही.

त्याला उचलून गाडीत झोपवलं. निघताना ती माझ्याजवळ आली.

"ऑपरेशनच्या टायमाला तुमी मनात तरी प्रार्थना करा, पास्टर. आमचं देव काहून ऐकल?"

तुझंही ऐकतो गं बाई, असं सांगायला मी जिवाच्या आकांतानं ओठ हलवले. तिला वाटलं, मी प्रार्थनाच करतोय. तिनं घाईघाईनं डोक्यावर पदर घेतला आणि डोळे मिटून माझ्यापुढे वाकली.