कस्तुराच्या हाताचा खार

कस्तुराला तोंडावर 'खारी' म्हणणाऱ्यांची जीभ झडली न्हाई, हीच देवाची कमाल. मी सरूबाई, मूळची इथली, महाळुंग्याचीच. कंपनीत तिच्या शेजारच्या स्टुलावर बसते, म्हणून सांगायचा हक्क माझा हाय.

लातूरकडून आली तवा ती झाडू मारायची. बघून बघून शाफ्ट, म्हंजे मशीनचे लोखंडी दांडे, तपासायला शिकली. तपासणीचं ते टेबल तिनं कमावलंय.

यंदा मे महिन्यात पॅक केलेल्या शाफ्टवर गंजाचे डाग निघाले. शेवटचा हात तिचा, म्हणून सुपरवायझर भिमाजी म्हणला, "हिच्याच हाताला खार हाय. लोडिंगला टाका हिला." झालं, बायांना तेवढंच पाहिजे होतं. तिनं वाढलेलं लोणचंबी कुणी घेईना. मला असला संताप आला.

कस्तुरा रडली न्हाई. तडक भिमाजीपुढं गेली. "माझा घाम खारट, अन् तुमचा काय साखरेचा हाय का ओ भाऊ? सगळ्यांचा लावून बघा. एकटीचा निघाला तर माझी मी जाते."

क्वालिटीच्या तनुजा मॅडमनी ते मनावर घेतलं. भंगारातले शाफ्ट आणून प्रत्येकाच्या हाताचा घाम एकावर लावला, कपाळाचा दुसऱ्यावर. शनिवारी लावला, सोमवारी बघितला. हाताचे डाग फिके, कस्तुराचेबी. कपाळाचे सगळ्यांचेच गडद, अन् भिमाजीचा सगळ्यात जास्त. मॅडम म्हणाल्या, "घाम अंगभर सारखा नसतो. कष्ट करताना कपाळाचा, छातीचा जास्त खारट असतो, हातापायांचा कमी."

मी खूश झाले, तवर त्यांनीच विचारलं, "पण कपाळाचा घाम मालाला लागतो कसा?"

आमी सगळ्यांनी हातातल्या फडक्याकडं बघितलं. शाफ्ट पुसायच्या फडक्यानंच आमी तोंड पुसतो. माणशी एकच फडकं मिळतं, मग दुसरं आणायचं कुठनं?

भिमाजीला लगेच जोर चढला. "म्हणजे चूक हिचीच की. माफी माग, मग बस टेबलावर."

"फडक्याची चूक माझी, मान्य हाय," कस्तुरा म्हणाली. "तशी ती सगळ्यांची हाय. हाताला नाव ठेवलं ते मात्र तुम्ही. माफी मागून मी माझी जागा घेणार नाही." अन् स्टुलावर जाऊन तिनं पुढचा शाफ्ट उचलला.

भिमाजी तिला उठवायला आला. मी म्हणलं, "आधी मला उठवा. मीबी त्याच फडक्यानं तोंड पुसते."

पलीकडनं रुपाली म्हणाली, "मलाबी उठवा."

मग एकेक करून अख्खी लाईन तेच म्हणायला लागली. भिमाजी माघारी गेला. कस्तुरानं मान वर करूनसुदीक बघितलं न्हाई. ती शाफ्ट तपासत होती.