माझा नंबर, ह्यांचा खिसा

आमच्या घरात माझ्या एकटीचं म्हणावं असं पहिलं काही आलं असेल, तर तो मोबाईलचा नंबर. शेत सासऱ्यांच्या नावावर, घर ह्यांच्या, गॅस सासूबाईंच्या. शिलाई मशीन माहेरून आलेलं, पण त्यावर सासूबाई पापड वाळत घालायच्या, त्यामुळे तेही संयुक्तच. नंबर मात्र माझा. मी इतकी हरखले की पाटी रंगवणाऱ्याला बोलावून फाटकावर लिहून घेतलं: ‘ब्लाउज शिवून मिळतील’, आणि खाली ढब्बू आकड्यांत नंबर.

“वहिनी, नाव टाकू का तुमचं?” त्याने विचारलं.

“नावाला जागा ठेवू नको. आकडे मोठे काढ.”

ही गोष्ट चिनी मोबाईल बाजारात आले तेव्हाची. त्याआधी, म्हणजे नव्वदीत, आमचा फोन म्हणजे शेजाऱ्यांचा फोन. लग्नपत्रिकेवर त्यांचा नंबर आणि पुढे कंसात पी. पी. पुढे ह्यांच्याकडे मोबाईल आला, कारण आमची फुलशेती, आणि फुलांचा धंदा भावावर चालतो. झेंडू, शेवंती, गुलाब पहाटे नाशिकच्या फुलबाजारात न्यायचे. मग आधी माझं नुसतं सिम आलं, पाटी रंगली, आणि एक दिवस हे नवा फोन घेऊन आले. जाडजूड, पाठीमागे टॉर्च, आवाज बँजो पार्टीसारखा.

“दोन सिम बसतात ह्यात,” हे म्हणाले. “वरती माझं, खाली तुझं. आता वेगळा फोन कशाला?”

हिशोब इतका चोख वाटला की मी त्या आनंदात शिरा केला. तुपातला. आजही त्या तुपाचं वाईट वाटतं.

मग सुरू झाला जोडणीचा सोहळा. फोनचं मागचं झाकण निघेना, म्हणून ह्यांनी माझी कापडाची कात्री घेतली. त्या कात्रीने मी घरात कुणाला कागदसुद्धा कापू देत नाही, पण त्या दिवशी घेऊ दिली. दोन्ही सिमं बसली. भाषा बदलताना फोन जो चिनीत गेला तो दिवेलागणीपर्यंत परतला नाही. परतल्यावर कोणता फोन कुणाचा हे कळावं म्हणून ह्यांनी स्वतःच्या नंबराला ट्रकचा हॉर्न लावला आणि मला विचारलं, “तुला काय लावू?”

“देवळातली घंटा,” मी म्हटलं. का म्हटलं, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी पहाटे टेम्पोत झेंडूची पोती चढली, हे पुढे बसले, फोन ह्यांच्या शर्टाच्या खिशात. टेम्पो वळणावरून दिसेनासा झाला तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माझा नंबर बाजाराला गेला होता. मी फाटकात उभी, वर पाटी, पाटीवर आकडे.

पुढे काय काय झालं ते मला कळलं बाजारातल्या एका हारवाल्या मावशींकडून. त्या ह्यांच्या शेजारी बसायच्या आणि सांगताना हसून हसून खोकायच्या. खिशात घंटा वाजली की आसपासचे दोन-चार जण सवयीने हात जोडायचे. हे फोन घ्यायचे. त्या फोनचा कानाला लावायचा आवाज पहिल्याच आठवड्यात गेला होता, त्यामुळे सगळं बोलणं स्पीकरवर. गिऱ्हाईक बायांना वाटायचं, आपण एका माणसाशी बोलतोय. ऐकत असायचा अख्खा फुलबाजार.

“पाठीला खोल गळा हवाय हो, पण सासूच्या डोळ्यांवर येणार नाही इतपतच,” एक बाई म्हणाल्या.

“किती खोल?” आमचे हे. शेवंतीचं वजन विचारावं तसं.

मग बाई सांगायला लागल्या आणि मावशी मधेच ओरडल्या, “दादा, पानाचा गळा सांगा त्यांना! खोलीबी दिसत नाय आणि शोभतंबी!” पलीकडचा गुलाबवाला म्हणाला, नाडी आणि लटकन हवंच. थोडी वादावादी झाली. शेवटी बाई म्हणाल्या, “तुमच्या दुकानात बरीच माणसं आहेत वाटतं?”

“हो, कारागीर,” हे म्हणाले.

दुपारी घरी येऊन हे मला मापं सांगायचे. कंबर स्वतःच्या हातवाऱ्याने दाखवायचे. त्या काळात मी शिवलेल्या ब्लाउजांबद्दल न बोललेलंच बरं.

तशात एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या कॉलनीतल्या एका शिक्षिकाबाईंचा फोन आला. मुलीचं लग्न, सात ब्लाउज, त्यातले दोन वर्कचे. सात! मी तोवर एका घरचे दोनच्या वर कधी शिवले नव्हते. हे त्यांना मापं विचारायला लागले तेव्हा बाईंनी स्वच्छ सांगितलं, “मला ताईंशीच बोलायचंय. उद्या दुपारी करते. नाही झालं बोलणं तर कॉलेज रोडच्या बुटिकमध्ये टाकते.”

हे मला घरी सांगताना ह्यांचा चेहरा झेंडू कोमेजल्यासारखा होता, पण त्याचं कारण माझे ब्लाउज नव्हते. त्या फोनची एक खोड होती. एका नंबरावर बोलणं चालू असलं की दुसरा नंबर लागायचाच नाही. त्या सकाळी कुणीतरी माझ्या नंबरावर फुग्याच्या बाह्यांबद्दल तासभर बोलत होतं, आणि तेवढ्यात ह्यांना फोन लावून लावून दादरचा व्यापारी थकला आणि दुसऱ्याचा झेंडू घेऊन गेला. दसरा तोंडावर.

“उद्या तुझं सिम काढून टाकतो,” हे म्हणाले.

“आणि माझे सात ब्लाउज?”

“मी माणसासारखा धंदा करू का बायकांच्या बाह्या मोजू?”

सासूबाई लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “फोन तिच्याकडं ठेव उद्याच्या दिस. घंटा तिची, तू कशाला पुजारी होतो?”

“आई, माझे फोन येतात!”

“येऊ दे. तुझा झेंडू काय फोनमधी फुलतो व्हय? लय झालं.”

ह्यांनी फोन मशीनवर ठेवला आणि निघून गेले, सासरी पोरगी पाठवावी तसे.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी काहीही शिवलं नाही. फोनकडे बघत बसले. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं: ‘नमस्कार, बोला ताई, तुमचीच वाट बघत होते.’ आरशासमोर म्हणूनही पाहिलं. घंटा वाजली. मी हात पुसले, फोन घेतला आणि म्हणाले,

“ते घरी नाहीत, बाजारात गेलेत, संध्याकाळी करा.”

आणि ठेवला.

लग्न होऊन आल्यापासून शेजाऱ्यांकडे ह्यांच्यासाठी आलेल्या प्रत्येक फोनवर मी हेच एक वाक्य बोलत आले होते. माझ्यासाठी फोन येऊ शकतो, हे डोक्याला माहीत होतं, तोंडाला कुणी कळवलं नव्हतं. सासूबाई दारातून बघत होत्या. “कोणाला घरी नाय म्हनली?” त्यांनी विचारलं. काय सांगणार? मलाच.

लगेच उलटा फोन लावला, तर माझ्या सिमवर पैसे नव्हते. रिचार्ज हे स्वतःच्याच नंबराला मारायचे. मग ह्यांच्या नंबरावरून लावला. बाईंनी उचलला आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, “अहो दादा, हारांचं नंतर सांगते म्हटलं ना! सारखा काय फोन करता?” खट्.

तेव्हा उलगडलं. आमच्या ह्यांनी ब्लाउजच्या गिऱ्हाइकाला लग्नाचे हार विकायला काढले होते. स्वतःच्या नंबरावरून, एकाच दिवसात, बऱ्याचदा.

हे जेवायला आले तेव्हा मी पर्स खांद्याला लावून उभीच होते. बाईंचा पत्ता ह्यांना पाठ होता; मंडपाची फुलं कुठे पोचवायची ते विचारून ठेवलेलं.

“फोन ठेवून जा,” हे म्हणाले.

“येते,” मी म्हटलं, आणि फोन पर्समध्ये टाकला.

द्वारका चौकात रिक्षा बदलली, तिथे गर्दीत अर्धा जीव गेला, मग नाशिकरोड, मग एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची चिमणी दिसेपर्यंत मनात एकच: बाई बुटिकला निघाल्या असतील. क्वार्टरचं दार अर्धवट उघडं होतं. मी कडी वाजवणार, तोच पर्समधून घंटा सुरू झाली. दार पूर्ण उघडलं. समोर बाई, अंगावर बाहेर जायची साडी, काखेत ब्लाउजपीसांची पिशवी, कानाला मोबाईल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या गळ्यातल्या टेपकडे पाहिलं. (टेप गळ्यातच राहिली होती. द्वारकेपासून लोक का बघत होते ते तेव्हा कळलं.) घंटा वाजतच होती.

“घ्या ना,” बाई म्हणाल्या.

“काय?”

“फोन. शेवटचा म्हणून लावून बघत होते. कुणी धड बोलत नाही म्हणून निघालेच होते.”

मी पर्स चाचपली. रुमाल निघाला, गुंडी निघाली, खडू निघाला, शेवटी फोन. हिरवं बटण दाबलं. दोघींमध्ये हातभर अंतर.

“हॅलो,” मी म्हटलं. स्पीकरवर माझाच आवाज त्यांच्या फोनमधून परत माझ्याकडे आला आणि मी दचकले. तरी पुढचं म्हटलं. “हो. मीच बोलतेय.”

“मग आत येऊन बोला,” बाई म्हणाल्या. “आणि तो फोन बंद करा, कान किटले.”

आत मुलगी पाटावर उभी राहिली, मी एकेक माप माझ्या हाताने घेतलं. बाई चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, “नंबर बदलू नका हं एवढ्यात. शाळेत सगळ्याजणींना दिलाय मी.”

“नंबर राहील हाच,” मी म्हटलं. “ह्यांनाच दुसरा फोन घ्यायला सांगते.”