तीन मिनिटांत त्र्याऐंशी

जुनं ध्वनियंत्र विकत घ्यायचं असेल तर आधी त्याची पाठ बघावी. पुढून सगळीच देखणी असतात. लाकडाला पॉलिश मारलेलं असतं, पितळी बटणं घासून लख्ख केलेली असतात आणि विकणाऱ्याच्या तोंडी एका लष्करी अधिकाऱ्याची गोष्ट तयार असते. देवळाली कॅम्पातल्या बंगल्यातून निघालेल्या म्हणून मला आजवर जेवढ्या वस्तू दाखवल्या, त्या सगळ्या खऱ्या धरल्या तर तिथल्या अधिकाऱ्यांनी तोफा सोडून फक्त गाणीच ऐकली असणार. पाठीमागे मात्र एक लहानसा पत्रा असतो. किती व्होल्ट, विजेची सेकंदाला किती आवर्तनं, कुठली बनावट, एवढंच त्यावर लिहिलेलं असतं. तो वाचायला वाकावं लागतं, आणि हौशी माणसं वाकत नाहीत.

मी कारखान्यात मोजमाप तपासणीच्या विभागात आहे. घरी सुट्टीच्या दिवशी जुने अॅम्प्लिफायर उघडतो, फुगलेले कपॅसिटर बदलतो, खरखरणारी बटणं साफ करतो. त्यामुळे इंदिरानगरच्या एका गृहस्थांच्या बंगल्यावर दर रविवारी सकाळी जी ऐकणाऱ्यांची बैठक भरते, तिथे मला बोलावणं असायचं. मी जाई, पण मला ती मंडळी कधी आवडली नाहीत. दहा-बारा जण, सगळे निवृत्त, सगळ्यांचे डोळे मिटलेले. गाणं संपलं की "काय खोली आहे!", "काय ऊब आहे!" ऊब म्हणजे किती, हे मी एकदा विचारलं होतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी देवघरात चपला घालून शिरलो होतो.

त्या यजमानांनी नवीन टर्नटेबल घेतला. नवीन म्हणजे पन्नास-पंचावन्न वर्षं जुना, अमेरिकन. गोष्ट अर्थातच कॅम्पातल्या बंगल्याची. पहिल्या दिवशी त्यांनी एक खास रेकॉर्ड काढून ठेवली होती, कारण तिच्यावर माझ्या सासऱ्यांनी पेटीची साथ केली आहे. पाकिटावर साथीदारांची नावं नाहीत, पण जुन्या लोकांना माहीत आहे. सासरे ब्याऐंशीचे आहेत, माझी सासू गेल्यापासून आमच्याकडे नाशिकरोडला राहतात. मी त्यांना रिक्षाने घेऊन गेलो.

सुई टेकली. गायक सुरू झाले, पाठोपाठ पेटी. मंडळींनी डोळे मिटले. सासऱ्यांनी उघडे ठेवले.

"थांबवा जरा," ते म्हणाले. "हे आम्ही काळी एकच्या पट्टीत केलं होतं. हे तर काळी पाचच्याही जरा खाली चाललंय."

यजमान हसले. त्यांचं हसणं फार मऊ असतं. "काका, रेकॉर्ड कशी बदलेल? वयोमानाने कानाला तसं वाटतं. माझ्या वडिलांचंही शेवटी असंच झालं होतं."

"शेवटी," सासरे म्हणाले.

मलाही काही कळलं नाही, हे कबूल करतो. मला सूर समजत नाही. गाणं जरा रेंगाळल्यासारखं वाटलं, पण ते मला नेहमीच वाटतं.

घरी आल्यावर जे झालं ते मात्र मला समजलं. त्या महिन्यात सासऱ्यांकडून दोनदा गॅस चालू राहिला होता, आणि बायको त्यांच्यावर लक्ष ठेवून होती. ते त्यांना ठाऊक होतं. मंगळवारी भजनी मंडळातल्या दोन बायका त्यांच्याकडे पेटी शिकायला आल्या. त्यांना त्यांनी दारातूनच परत पाठवलं. "माझा कान गेला. चुकीचं शिकवण्यापेक्षा न शिकवलेलं बरं." मग बायकोला म्हणाले, "पेटी देवळात देऊन टाक. उगाच जागा अडवते."

"दादा, त्या लोकांचं काय ऐकता?"

"त्यांचं नाही ऐकत. मी माझं ऐकलं आणि ते खोटं निघालं."

एका मऊ हसणाऱ्या माणसाने दोन वाक्यांत हे केलं होतं, आणि तो पुढच्या रविवारची रेकॉर्ड निवडत बसला असणार.

माझी पद्धत एकच. दोन मापं जुळत नसतील तर आधी दोन्ही पट्ट्या तपासायच्या. बुधवारी मी पेटी उघडली, सासऱ्यांना स्वयंपाकघरात बसवलं आणि वाटेल त्या पट्ट्या दाबत गेलो. ते तिथून प्रत्येक पट्टी ओरडून सांगत होते. वीसपैकी वीस बरोबर आल्या.

"त्यात काय," ते बाहेर येऊन म्हणाले. "ही पेटी चाळीस वर्षं माझ्या मांडीपुढे आहे. तिचं खोकणंही मी ओळखतो. कान तपासायला ही चालायची नाही, जावईबापू."

म्हणणं रास्त होतं. म्हणजे आता उरलं यंत्र.

रविवारी मी बैठकीच्या तासभर आधी एकटाच इंदिरानगरला गेलो. यजमानांना सांगितलं की मला थाळीचे फेरे मोजायचे आहेत. रेकॉर्ड मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे घेते, म्हणजे तीन मिनिटांत बरोबर शंभर. हा हिशोब शाळेतल्या पोरालाही जमेल.

"असं मोजून संगीत कळत नाही हो."

"संगीत नाही मोजत. फेरे मोजतोय."

थाळीच्या कडेला कागदाची चिठ्ठी चिकटवली, मोबाइलवर वेळ लावली. तीन मिनिटांत त्र्याऐंशी फेरे झाले आणि वर थोडं. पुन्हा मोजलं. तेवढेच.

मग मी टर्नटेबल भिंतीपासून ओढला आणि वाकलो. पत्र्यावर स्पष्ट होतं: ११७ व्होल्ट, ६० आवर्तनं.

"त्यासाठी ट्रान्सफॉर्मर दिलाय ना," यजमान म्हणाले. खरंच, कपाटाच्या खाली विटेएवढा ट्रान्सफॉर्मर होता. विकणाऱ्याने तो वेगळा म्हणून गळ्यात मारला होता.

"तो व्होल्ट कमी करतो. आवर्तनांना हात लावत नाही. ती आपल्याकडे सेकंदाला पन्नासच. आणि ही मोटर आवर्तनांवर चालते. साठाऐवजी पन्नास मिळाली की सहातला एक भाग वेग गेला, आणि वेगाबरोबर सूरही उतरला."

ते म्हणाले, "पण सगळ्यांना आवडलं होतं."

हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. सेट कोणी लावून दिला, तो माणूस मुंबईत केवढा मोठा समजला जातो, हेही त्यांनी सांगितलं. त्या मोठ्या माणसाला तीन मिनिटं मिळाली नव्हती.

उपाय सोपा होता. मोटरवरची पितळी पुली थोडी जाड करायची. त्या दिवशीची बैठक संपल्यावर जुनी पुली यजमानांकडून मागून घेतली आणि व्हर्निअरने मोजली. दहा मिलिमीटर. पन्नासाला साठ, म्हणजे पाचास सहा, म्हणून बारा. अंबडला ओळखीच्या लेथवाल्याने दुपारपर्यंत करून दिली. बसवली तर नव्व्याण्णव फेरे आणि वर थोडं. चूक माझी होती. पुलीवरून थाळी फिरवणाऱ्या रबरी पट्ट्याची अर्धा मिलिमीटर जाडी मी धरलीच नव्हती. पुन्हा अंबडला गेलो.

"साहेब, पॉइंट एकसाठी परत आलात?" लेथवाला म्हणाला. "कशाला लागणार आहे एवढं? रॉकेटला?"

"एका म्हाताऱ्या माणसाला."

"मग करावंच लागंल," असं म्हणून त्याने काम पुढे घेतलं. त्या सगळ्या प्रकरणात अक्कल असलेला हा दुसरा माणूस. बारा पॉइंट एक. तीन मिनिटांत शंभर.

पुढच्या रविवारी सासरे यायला तयार नव्हते. बायकोने जवळजवळ ओढून रिक्षात बसवलं. तीच रेकॉर्ड लावली. गायक तरुण झाले, तबला जागा झाला. सासऱ्यांचं बोट गुडघ्यावर हललं.

"काळी एक," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण यजमानांना ऐकू जाईल एवढा होता.

मग अंतऱ्यात त्यांनी एकदम तोंड वाकडं केलं. "हे बघा. इथे मी गायकाच्या आधी पळालोय. ते तेव्हाच माझ्याकडे रागाने बघत होते. परत लावा."

परत लावलं. पेटी अर्ध्या मात्रेने पुढे पळत होती म्हणे. मला कळलं नाही, पण शेजारच्या दोघांनी माना हलवल्या. त्यांनी कशालाही माना हलवल्या असत्या.

रेकॉर्ड संपली. कोणी वाहवा केली नाही. शेवटी यजमान म्हणाले, "बरोबर असेल. पण ती खोली गेली हो. आधी कसं भारदस्त वाटत होतं." दोघे-तिघे लगेच म्हणाले, हो, तेच म्हणतो.

"तुम्हाला आम्ही नकोत," सासरे म्हणाले. "आमचे आजोबा हवेत."

यजमानांनी मला बाजूला घेऊन विचारलं, जुनी पुली परत बसवता येईल का. यंत्र त्यांचं होतं. मी तिथेच बसवून दिली, त्याला दहा मिनिटं लागली. नवी पुली त्यांनी परत दिली नाही, मीही मागितली नाही. त्यानंतर मी तिकडे गेलेलो नाही. ते आता उतरलेल्या सुरात डोळे मिटून बसत असतील, आणि एकमेकांना उंच अभिरुचीचे समजत असतील.

घरी येऊन सासऱ्यांनी चप्पल काढली ती तशीच दारात टाकली आणि ते पेटीपुढे बसले. अंतऱ्यातली तीच जागा. एकदा, दोनदा, सातदा. बायकोने चहा आणून ठेवला. "दादा, झालं की आता नीट."

"नाही झालं. अजून पुढे पळतंय." मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "त्या दोघींना फोन कर. मंगळवारी वेळेवर या म्हणावं. आणि जावईबापू, तिथे उभे राहून माझ्या खेपा मोजू नका."

मी मोजत होतो. आतापर्यंत अकरा झाल्या होत्या.